चेटकिणीच्या तोंडून : अ‍ॅन सेक्स्टनच्या परीकथा-कविता

‘परीकथा’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याच्या पोटातील विसंगती सहसा कोणाला जाणवत नाही. ज्या कथांना या नावाने ओळखले जाते त्यांतील बहुसंख्य कथांत परी नसतेच. असते ती सावत्र आई, अरण्यात एकटी राहणारी म्हातारी, आमंत्रण नसताना येऊन शाप देणारी पाहुणी. हा शब्द इंग्रजीवरून मराठीत आला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून गेला, आणि फ्रेंचमध्ये तो रूढ होण्यास मादाम दोल्नुआ या लेखिकेचा १६९७ मधील कथासंग्रह कारणीभूत ठरला. त्याच वर्षी शार्ल पेरो यांचाही संग्रह प्रसिद्ध झाला. पुढील तीन शतके जगाच्या स्मरणात राहिले ते पेरो. दोल्नुआचे नाव अभ्यासकांपुरते उरले. परीकथेच्या इतिहासातील हा एक लहानसा तपशील आहे, परंतु या वाङ्मयप्रकाराचे एकूण भागधेय त्यात सूचित झाले आहे.

जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या संग्रहाची कथा याहून वेगळी नाही. १८१२ आणि १८१५ अशा दोन खंडांत तो निघाला आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म ग्रिम त्याच्या भाषेवरून हात फिरवीत राहिला. कथा सांगणाऱ्या बव्हंशी स्त्रिया होत्या : कासेल येथील हासेनप्फ्लूग भगिनी, शेजारच्या विल्ड कुटुंबातील मुली (त्यांपैकी डॉर्टशेन पुढे विल्हेल्मची पत्नी झाली) आणि डोरोथेआ फीमान ही एका शिंप्याची बायको. सांगणाऱ्या स्त्रिया आणि लिहून घेणारे पुरुष अशी ही वाटणी होती. लिहिताना जे बदलले गेले ते बोलके आहे. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पहिल्या आवृत्तीतील रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले असा भाबडा प्रश्न चेटकिणीला विचारते. नंतरच्या आवृत्त्यांत गरोदरपणाचा हा उल्लेख मुलांसाठी अयोग्य म्हणून गेला. आईचे क्रौर्य आणि मुलीचे शरीर या दोन गोष्टी संपादकाला नकोशा झाल्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या कवयित्री या कथांकडे वळल्या त्यांनी नेमक्या याच दोन गोष्टी पुन्हा वर काढल्या, हा योगायोग म्हणता येणार नाही.

या कवयित्रींमध्ये अ‍ॅन सेक्स्टन (१९२८–१९७४) हिचे स्थान पहिले आहे. तिचा ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ हा सतरा कवितांचा संग्रह १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर ती अमेरिकेतील ‘आत्मनिवेदनात्मक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काव्यधारेतील एक प्रमुख कवयित्री ठरली होती. १९६७ चा पुलित्झर पुरस्कार तिला मिळालेला होता. मनोरुग्णालय, गर्भपात, आत्मघाताची ओढ अशा विषयांवर प्रथमपुरुषी, उघडीवाघडी कविता लिहिणाऱ्या या कवयित्रीने एकाएकी ग्रिम बंधूंच्या गोष्टी हाती घ्याव्यात याचे अनेकांना आश्चर्य वाटले. त्यामागे एक घरगुती निमित्त होते. तिची थोरली मुलगी लिंडा या गोष्टी आवडीने वाचत असे आणि त्यांतील कोणत्या विशेष आवडतात हे आईने तिला विचारले. संग्रह लिंडालाच अर्पण केलेला आहे. हा तपशील ध्यानात ठेवावा लागतो, कारण पुढे त्याला एक वेगळीच धार आली.

सेक्स्टनने मूळ कथांची कथानके जवळजवळ बदललेली नाहीत. सिंड्रेला राजपुत्राशीच लग्न करते, राणी तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचून मरते, ग्रेटेल म्हातारीला भट्टीतच कोंडते. ‘स्त्रीवादी पुनर्कथन’ या शब्दप्रयोगावरून वाचकाच्या मनात येते ते शेवट फिरविण्याचे तंत्र : राजकन्या राजपुत्राला नाकारते, लाल टोपीवाली लांडग्याला गोळी घालते, वगैरे. या संग्रहात असे काही घडत नाही. बदलला आहे तो फक्त निवेदक. पहिल्याच कवितेत आपण प्रौढ वयाची एक चेटकीण आहोत असे ही निवेदिका जाहीर करते आणि पुस्तकात तोंड घालून गोष्ट सांगायला सज्ज होते. ज्या पात्राला प्रत्येक कथेच्या शेवटी जाळले, बुडविले किंवा हाकलले जाते, त्याच पात्राकडे कथा सांगण्याचा अधिकार आला आहे. संपूर्ण संग्रहाचे सामर्थ्य या एका निर्णयात साठलेले आहे.

हा मुखवटा तिला अचानक सापडलेला नव्हता. १९६० च्या पहिल्या संग्रहातील ‘हर काइंड’ या कवितेत रात्री गावावरून उडणारी, गुहेत संसार मांडणारी, अखेर चितेकडे नेली जाणारी स्त्री बोलते. ही कविता म्हणून सेक्स्टन आपल्या जाहीर काव्यवाचनाचा आरंभ करीत असे. पुढे संगीतासह वाचन करणारा जो वाद्यवृंद तिने उभारला त्यालाही तेच नाव दिले. मात्र तेथे चेटकीण ही कवयित्रीच्या वेदनेची प्रतिमा होती. ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’मध्ये ती गोष्ट सांगणारी बाई झाली आहे, आणि गोष्ट सांगणारी बाई रडत नाही. ती थट्टा करते, आडवळणे घेते, श्रोत्याला चिमटे काढते. आत्मनिवेदनातून सेक्स्टनला जी सुटका हवी होती ती या उसन्या कथांनी दिली असे म्हणता येईल.

संग्रहातील पहिल्या कवितेच्या निवडीतही कौशल्य आहे. बर्फात सोन्याची किल्ली सापडलेल्या मुलाची त्रोटक गोष्ट ग्रिम बंधूंनी संग्रहाच्या अगदी शेवटी ठेवली होती. पेटी उघडेपर्यंत थांबा, असे म्हणून ते निरोप घेतात. सेक्स्टन तेथूनच आरंभ करते आणि पेटी उघडते. तिचे श्रोतेही मुले नाहीत. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी विसरलेल्या मोठ्या माणसांना ती नावानिशी, वयानिशी हाक मारते. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक कवितेची बांधणी सारखी आहे : आधी विसाव्या शतकातील अमेरिकन जीवनातील एखादे निरीक्षण, मग कथा. कथेतही तो काळ घुसत राहतो. बुटक्यांची तुलना हॉट डॉगशी होते, पुन्हा जिवंत झालेली हिमगौरी सोड्याच्या बाटलीसारखी फसफसते. बाजारातील वस्तूंच्या या उपमांनी कथेभोवतीचे धुके नाहीसे होते. डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटाने हिमगौरीला गोंडस करून ठेवले होते. त्या गोंडसपणाची किंमत ही निवेदिका दुकानातील चिठ्ठीसारखी वाचून दाखविते.

‘हिमगौरी’ ही कविता या पद्धतीचे सर्वोत्तम उदाहरण आहे. आरंभीच कुमारिकेचे वर्णन मौल्यवान, नाजूक, कचकड्याच्या बाहुलीसारखी डोळे उघडझाप करणारी वस्तू म्हणून येते. ते कौतुक इतके अतिरेकी आहे की थोड्याच वेळात त्याचा वास येऊ लागतो. राणीचे वय, तिच्या हातावरचे डाग, ओठावरची लव हे तपशील मात्र निवेदिका ओळखीच्या माणसाने सांगावे तसे सांगते. सहानुभूती कोणाकडे झुकली आहे हे त्यावरून समजते. परंतु राणीला निर्दोष ठरविण्याचा मोह कवयित्रीला झालेला नाही. डुकराचे काळीज सावत्र मुलीचे समजून चवीने खाणारी बाई ती आहेच. या कथेत पुरुष जवळजवळ अनुपस्थित आहेत. राजा कोठे आहे हे कोणी विचारीत नाही. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबार यांनी १९७९ च्या ‘द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक’ या ग्रंथात आरशातील आवाज हा राजाचाच आवाज आहे असे प्रतिपादन केले. दोन स्त्रियांपैकी कोण सुंदर हे ठरविणारा, स्वतः न दिसणारा परीक्षक. हे विवेचन प्रसिद्ध होण्याच्या आठ वर्षे आधी सेक्स्टनच्या कवितेचा शेवट त्याच ठिकाणी पोचला होता. राणी मेली, लग्न झाले, आणि नवी राणी झालेली हिमगौरी डोळे उघडझाप करीत स्वतःच आरशाकडे वळते. कथेतील ‘सुखाने नांदू लागली’ या ठरावीक वाक्याच्या जागी वारसाहक्काची ही नोंद येते. आरसा फुटलेला नाही, तो फक्त पुढच्या बाईच्या हाती गेला आहे.

‘सिंड्रेला’ अधिक लोकप्रिय आहे आणि पाठ्यपुस्तकांतूनही ती दिसते. तिचा उपरोध चटकन कळतो, म्हणूनच कदाचित. म्युझियममधील पेटीत ठेवलेल्या बाहुल्यांसारखे ते जोडपे कधी भांडत नाही आणि कधी म्हातारे होत नाही, एवढे सांगून कविता थांबते. याउलट ‘पांढरा साप’ किंवा ‘छोटा शेतकरी’ या कवितांत उपमांची गर्दी होते आणि थट्टा यांत्रिक बनते; एकच युक्ती सतरा वेळा वापरली की तिची धार कमी होणारच. ‘बेडूक राजपुत्र’मध्ये किळसेचे जे चित्रण आहे ते मात्र विसरता येत नाही. दिलेला शब्द पाळ, असे मुलीला बजावणारा बाप आणि तिच्या बिछान्यात येऊ पाहणारा तो ओलसर प्राणी यांच्यातील संगनमत मूळ कथेतही होते, परंतु तेथे ते सद्गुणाच्या शिकवणीआड लपले होते.

संग्रहाचा खरा गाभा ‘रापुन्झेल’ आणि ‘ब्रायर रोझ’ या दोन कवितांत आहे. रापुन्झेलला मनोऱ्यात कोंडणारी मदर गोथेल परंपरेने खलपात्र आहे. सेक्स्टन तिला वृद्ध प्रेमिका म्हणून उभी करते. तरुण मुलीच्या सहवासात आपणही तरुण राहू अशी आशा धरणारी, बागेच्या बंद भिंतीआड जगणारी. कवितेचा आरंभ एका मावशी-आत्याच्या वयाच्या बाईच्या आणि मुलीच्या जवळिकीने होतो, त्यात माया आणि वासना यांची सीमारेषा पुसट ठेवली आहे. राजपुत्र आल्यावर कविता त्याच्याकडे परक्या, काहीशा हास्यास्पद जनावरासारखे पाहते. तो आणि रापुन्झेल सुखी होतात. जगाला तेच हवे असते असे निवेदिका खांदे उडवून सांगते. शेवटच्या ओळी मात्र टाकून दिलेल्या म्हातारीच्या वाट्याला आल्या आहेत. चेटकिणीच्या शोकाला इतकी जागा देणारी कविता इंग्रजीत याआधी क्वचितच लिहिली गेली असेल.

‘ब्रायर रोझ’ ही झोपलेल्या राजकन्येची कथा संग्रहाच्या शेवटी येते. ग्रिम बंधूंच्या कथेत राजाकडे सोन्याच्या ताटल्या बाराच, म्हणून तेरावीला बोलावणे जात नाही आणि ती पाळण्याशी येऊन शाप देते. (नवजात मुलीचे भाग्य ठरविणाऱ्या या स्त्रियांत मराठी वाचकाला पाचवी-सहावीच्या रात्री येणाऱ्या सटवाईची आठवण होणे स्वाभाविक आहे, ‘फेअरी’ या शब्दाच्या मुळाशीही भाग्य या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे.) सेक्स्टनने तेरावीला थकलेले, वांझ शरीर दिले आणि कथेचा भार बापावर टाकला. मुलीला जपण्यासाठी चात्या जाळणारा, दरबारातील प्रत्येक पुरुषाची जीभ घासून घेणारा हा राजा प्रेमळ आहे की मालक? शंभर वर्षांनी राजपुत्राने चुंबन घेताच जागी झालेली राजकन्या हाक मारते ती बापाला. लग्नानंतर तिला झोपेचेच भय वाटू लागते, औषधाशिवाय ती झोपू शकत नाही. आणि कवितेच्या अखेरीस तिच्या अंथरुणाशी ओणवी झालेली आकृती राजपुत्राची नाही. जादूची झोप म्हणजे मुलीच्या मनाने स्वतःला वाचविण्यासाठी स्वीकारलेली गुंगी, असा अर्थ येथे खुला होतो. कौटुंबिक लैंगिक अत्याचाराविषयी सार्वजनिक चर्चा जवळपास नव्हती त्या काळात, १९७१ मध्ये, ही कविता छापली गेली. परीकथेने तिला ते बोलण्याची सोय करून दिली.

या कवितेचा आत्मचरित्रात्मक आधार काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९९१ मध्ये डायन मिडलब्रुक यांचे सेक्स्टन-चरित्र प्रसिद्ध झाले, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाने उपचारांच्या ध्वनिफिती उपलब्ध करून दिल्याने मोठा वाद झाला. १९९४ मध्ये लिंडा ग्रे सेक्स्टन हिचे ‘सर्चिंग फॉर मर्सी स्ट्रीट’ हे आठवणींचे पुस्तक आले. आईने आपल्याशी केलेल्या वर्तनात शारीरिक मर्यादा ओलांडल्या होत्या असे तिने त्यात लिहिले. ज्या मुलीच्या आवडीतून संग्रह जन्मला आणि जिला तो अर्पण झाला तिचीच ही साक्ष आहे. त्यानंतर ‘रापुन्झेल’ पूर्वीसारखी वाचता येत नाही. बंद बागेतील ती म्हातारी आणि ती मुलगी आता केवळ समाजाने नाकारलेल्या प्रेमाचे रूपक राहत नाहीत.

काही समीक्षकांना यामुळे संग्रहाच्या स्त्रीवादी मूल्याला बाधा येते असे वाटते. ते पटण्यासारखे नाही, आणि चरित्राला बाजूला सारून कविता ‘शुद्ध’ वाचावी हा दुसरा उपायही पळवाटीचा आहे. सेक्स्टनच्या चेटकिणीने आपण निर्दोष असल्याचा दावा एकदाही केलेला नाही. ‘लाल टोपीवाली’ या कवितेच्या आरंभी जगातील फसव्या माणसांची यादी येते, तीत निवेदिका स्वतःचेही नाव घालते. पुरुषांनी लिहिलेल्या कथेत चेटकीण ही केवळ दुष्ट होती. तिला केवळ पीडित ठरविल्याने कथा उलटी होते, खोल होत नाही. सत्तेने पोळलेली बाई सत्ता हाती आल्यावर पोळवू शकते, आरसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, हे ‘हिमगौरी’त सांगणाऱ्या कवयित्रीला ते कोठून ठाऊक होते हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. परंतु कविता ते ठाऊक असल्याचे लपवीत नाही.

संग्रहाच्या प्रकाशनाच्या वर्षीच, डिसेंबर १९७१ मध्ये, एड्रिएन रिच हिने जुन्या संहितांकडे नव्या डोळ्यांनी पाहणे ही स्त्रियांसाठी जगण्याची अट आहे असे प्रतिपादन करणारे भाषण केले. त्यानंतर या वाटेने अनेकजणी गेल्या. ग्रीसमध्ये जन्मलेली ओल्गा ब्रूमास हिच्या ‘बिगिनिंग विथ ओ’ (१९७७) या संग्रहात सिंड्रेलाला राजवाड्यातील पुरुषांच्या गराड्यात बहिणींची आठवण येते आणि हिमगौरी आईकडे परतते. सेक्स्टनने जेथे वैर पाहिले तेथे ब्रूमासने प्रेम पाहिले. तिच्या कवितेतील स्त्रीदेहाचा उत्सव सेक्स्टनला परका होता. त्यात उजेड अधिक आहे आणि धोका कमी. स्कॉटिश कवयित्री लिझ लॉकहेड हिने ‘द ग्रिम सिस्टर्स’ (१९८१) या शीर्षकातच बंधूंची जागा बहिणींना दिली. बोलीभाषेचा ठसका आणि गप्पांचा सूर ही तिची देणगी. कॅरल अ‍ॅन डफी हिच्या ‘द वर्ल्ड्स वाइफ’ (१९९९) या संग्रहातील काही कविता एका विनोदावर उभ्या आहेत आणि विनोद संपला की संपतात. पण तिची पहिली कविता, लाल टोपीवालीची, निराळी आहे. तेथे लांडगा हा पुस्तकांनी भरलेल्या गुहेत राहणारा कवी आहे आणि मुलगी कवितेच्या ओढीने आपण होऊन त्याच्यामागे जाते. दहा वर्षांनी ती कुऱ्हाड चालविते तेव्हा त्याच्या पोटात सापडतात आजीची पांढरीशुभ्र हाडे. शिंप्याच्या बायकोच्या, शेजारच्या मुलींच्या तोंडच्या कथा कोणाच्या पोटात गेल्या होत्या, याचे इतके नेमके चित्र दुसरे नाही.

भारतीय वाचकाने ही कविता वाचताना एक फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. १९६० किंवा १९७१ च्या मॅसॅच्युसेट्समध्ये चेटकीण हा मुखवटा होता. तेथील सेलममध्ये १६९२ साली झालेले खटले इतिहासात जमा झाले होते. भारतात हा शब्द आजही एखाद्या जिवंत बाईला उद्देशून उच्चारला जातो आणि तिचा जीव जाऊ शकतो. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये डायन-प्रथेविरुद्ध कायदा केला; महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला. म्हणूनच येथील साहित्यात चेटकिणीच्या तोंडून थट्टेचा सूर सहजी निघत नाही. महाश्वेता देवी यांच्या ‘बांयेन’ या कथेतील चंडीदासी मुलांची प्रेते पुरण्याचे पिढीजात काम करणारी, आपल्या तान्ह्या मुलाच्या मायेने व्याकूळ झालेली बाई आहे. गाव तिला बांयेन ठरविते आणि ढोल वाजवून ते जाहीर करतो तो तिचा नवरा. ती स्वतः फारसे बोलत नाही. आगगाडी वाचविताना ती मरते तेव्हा तिच्या बाजूने बोलतो तो तिचा मुलगा, तेही ती गेल्यानंतर.

तथापि बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टी येथेही होत्याच, आणि त्यांचे व्याकरण राजपुत्रांच्या कथांहून वेगळे असते हे ए. के. रामानुजन यांनी दाखवून दिले. १९९१ मधील त्यांच्या ‘फोकटेल्स फ्रॉम इंडिया’ या संग्रहात एक कन्नड कथा आहे : एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत होते, पण ती ते कोणालाच सांगेना. कोंडून घातलेली गोष्ट आणि गाणे एके दिवशी ती झोपलेली असताना तिच्या तोंडातून बाहेर पडतात आणि दाराशी परक्या पुरुषाचा डगला व जोडे बनून बसतात. नवरा संशय घेतो आणि घर मोडू लागते. त्याच संग्रहातील तमिळ कथेतील विधवेला मुले आणि सुना छळतात. मनातले सांगायला कोणी नाही म्हणून ती लठ्ठ होत जाते. एके दिवशी ती एका पडक्या घरात शिरते आणि भिंतीला आपले गाऱ्हाणे सांगते. त्या भाराने भिंत कोसळते, म्हातारी थोडी हलकी होते. मग ती दुसऱ्या भिंतीकडे वळते.